सोसायटीच्या गेटपर्यंत भाजी नेणं सोपं, टिकवणं अवघड; शहरातल्या आपल्या माणसांनी नेमकं काय करायचं?

पुणे : गावात मेथीच्या जुडीला पाच रुपये कुणी देत नाही आणि त्याच दिवशी पुण्यात मुलीच्या घरी तीच जुडी वीस-पंचवीस रुपयांना येते, हे आता फोनवर बोलता बोलता दोन्हीकडच्यांना कळतं. मग कुणीतरी म्हणतं, "अहो, आमच्या सोसायटीतच आणा की भाजी!" पहिल्या रविवारी गाडी जाते, दोन तासांत रिकामी होते, फोटो निघतात. दुसऱ्या रविवारीही बरं चालतं. पाचव्या-सहाव्या आठवड्याला मात्र निम्मा माल परत येतो आणि शेतकरी पुन्हा मार्केट यार्डाचा रस्ता धरतो.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, भोर, पुरंदर अशा पुण्याभोवतीच्या कुठल्याही तालुक्यात विचारा, असा अनुभव सांगणारे भेटतात. शहरात हल्ली 'शाश्वत अन्न' हा शब्द ऐकू येतो. सोप्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की जे पिकवताना जमीन खराब होत नाही, पाणी संपत नाही आणि पिकवणारा कर्जात बुडत नाही, असं अन्न. शहरातल्या माणसाला या कामात हातभार लावायचा असेल, तर कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडते ती आधी सांगितलेली मागणी. ती का, आणि तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी काय करावं लागतं, ते समजून घेऊ.

ग्राहकाच्या १०० रुपयांतले शेतकऱ्याला किती?

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यास-निबंधांत याचा अंदाज दिला आहे. ग्राहक टोमॅटोवर १०० रुपये खर्च करतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात साधारण ३३ रुपये पडतात. कांद्यात हा आकडा ३६ आणि बटाट्यात ३७ रुपयांच्या आसपास आहे.

उरलेले पैसे कुणीतरी एकटा खातो असं नाही. वाहतूक, हमाली, आडत, घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेता, गाळ्याचं भाडं, वाटेत होणारी नासाडी असं सगळं त्यात असतं. हातगाडीवाला सकाळी चारला यार्डात जातो, त्याचीही मजुरी त्यात असते. त्यामुळे 'मधला माणूस काढला की सगळे पैसे आपले' हे गणित खरं नाही. मधला माणूस काढला तरी त्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं. निवडणं, जुड्या बांधणं, वजन करणं, गाडी चालवणं, पैसे गोळा करणं आणि उरलेला माल सांभाळणं, हे सगळं शेतकऱ्याच्या अंगावर येतं.

कायद्याची अडचण आता नाही

राज्य सरकारने २०१६ साली फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला. म्हणजे हा माल बाजार समितीच्या आवारातच विकला पाहिजे, हे बंधन गेलं. शेतकरी तो थेट ग्राहकाला, हॉटेलला किंवा कंपनीला विकू शकतो. त्याच सुमारास कृषी पणन मंडळाच्या माध्यमातून 'संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार' हे अभियान सुरू झालं आणि पुणे-मुंबईत शेतकरी गटांचे बाजार भरू लागले.

शेतकऱ्याने स्वतः पिकवलेली, प्रक्रिया न केलेली भाजी, फळं किंवा धान्य विकायला अन्न परवानाही लागत नाही. मात्र लोणचं, पापड, मसाला, गूळपोळी, तयार पीठ असं काही विकायचं असेल, तर 'एफएसएसएआय'ची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाची नोंदणी ऑनलाइन होते आणि बचत गटही ती करू शकतात.

वजनकाटा मात्र शिक्क्याचाच हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून तपासणी करून घ्यावी लागते. सोसायटीत एखाद्याने घरच्या काट्यावर पुन्हा वजन केलं आणि पन्नास ग्रॅम कमी भरलं, की ती गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर जाते.

जागेचंही लक्षात ठेवा. रस्त्याकडेला गाडी लावून विकायचं तर महापालिकेचे नियम लागतात. सोसायटीच्या आवारात विकायचं तर कमिटीची परवानगी लागते आणि ती लेखी घेतलेली बरी. सेक्रेटरी बदलला की तोंडी परवानगी उरत नाही.

मग गाडं अडतं कुठे?

एक साधा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपापल्या गावाप्रमाणे ते बदलून घ्या.

समजा, एका सोसायटीत ४० घरं आठवड्याला प्रत्येकी ५ किलो भाजी घेतात. म्हणजे २०० किलो. सरासरी भाव किलोला ४० रुपये धरला तर ८,००० रुपये जमा होतात. टेम्पोचा खर्च १,८००, दोन माणसांची मजुरी १,०००, पिशव्या-सुतळी ३०० असा खर्च ३,१०० रुपये. हातात उरतात ४,९०० रुपये. हाच माल यार्डात गेला असता आणि खर्च जाऊन किलोला १५ रुपये सुटले असते, तर ३,००० रुपये मिळाले असते. म्हणजे एका फेरीत १,९०० रुपये जास्त.

आता सहावा आठवडा घ्या. सुट्ट्या आल्या, कुणी गावाला गेलं, कुणी मोबाईलवरून मागवलं. ४० ऐवजी २५ घरंच खाली उतरली आणि हे शेतकऱ्याला तिथे पोचल्यावर कळलं. माल २०० किलोच तोडला होता. विकला गेला १२५ किलो, जमा झाले ५,००० रुपये. टेम्पोचं भाडं तेवढंच, मजुरी तेवढीच, पिशव्यांचे थोडे कमी. खर्च ३,००० रुपये. उरले २,०००. शिवाय ७५ किलो भाजी उन्हात कोमेजली. यार्डापेक्षा १,००० रुपये कमीच.

हीच गोष्ट आदल्या दिवशी कळली असती तर? शेतकऱ्याने सोसायटीसाठी १२५ किलोच वेगळी काढली असती आणि ७५ किलो यार्डाच्या गाडीत टाकली असती. सोसायटीतून २,००० आणि यार्डातून १,१२५ मिळून ३,१२५ रुपये झाले असते. फार फायदा नाही, पण तोटाही नाही, आणि भाजी वाया गेली नाही.

दोन्ही वेळा घरं २५च होती. फरक पडला तो एका मेसेजचा. थेट विक्री भावावरून मोडते असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच वेळा ती न कळवता गैरहजर राहण्याने मोडते.

शहरातल्या घरांनी करायच्या पाच गोष्टी

आपल्या प्रत्येक गावातली माणसं पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाण्यात आहेत. पुढच्या गोष्टी त्यांना सांगाव्यात अशा आहेत.

१. मागणी दोन दिवस आधी कळवा. बुधवारी भाजी हवी असेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत सांगा. मंगळवारी दुपारनंतर तोडणी होते, त्यामुळे बुधवारी सकाळी कळवून काही उपयोग नसतो. नको असेल तर तेही कळवा. 'या आठवड्यात नको' हा मेसेजसुद्धा शेतकऱ्याच्या कामाचा असतो.

२. निदान तीन महिन्यांचा शब्द द्या. मेथी-पालक महिनाभरात येते, कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, टोमॅटो-वांगी लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांनी तोडायला येतात. आज पेरायचं की नाही, हे पुढे गिऱ्हाईक आहे की नाही यावर ठरतं. एका रविवारच्या गर्दीवर कुणी वाफा पेरत नाही.

३. भाव आधी ठरवा आणि पाळा. दर आठवड्याला यार्डाचा भाव बघून घासाघीस झाली की व्यवहार संपतो. मेथीची जुडी तीन महिने १५ रुपये ठरली, तर बाजारात ती ४० झाली तरी शेतकऱ्याने १५लाच द्यायची आणि बाजारात ५ झाली तरी ग्राहकाने १५ द्यायचे. भाव चढला की शेतकरी फिरतो आणि भाव पडला की ग्राहक फिरतो, हे दोन्हीकडे घडतं. शब्द पाळणारे पाच शेतकरी आणि तीस घरं मिळाली तर ते शंभर हौशी घरांपेक्षा बरं.

४. हंगामात येतं ते खा. मे महिन्यात कोथिंबीर आणि पावसाळ्यात टोमॅटो पिकवायचे, तर जास्त पाणी, शेडनेट आणि जास्त फवारणी लागते. हिवाळ्यात वाटाणा, गाजर, पावटा, मुळा. उन्हाळ्यात गवार, भेंडी, काकडी, दुधी. पावसाळ्यात दोडका, कारली, घेवडा आणि रानभाज्या, असा क्रम ठेवला तर शेतकऱ्याचा खर्च कमी होतो. पाऊस पडला की कुर्डू, टाकळा, भारंगी, चिवळ या भाज्या डोंगरपट्ट्यातल्या बायका गोळा करून आणतात. त्या कशा करायच्या हे शहरातल्या नव्या पिढीला माहीत नसतं. भाजीसोबत दोन ओळींची कृती पाठवली तर त्या विकल्या जातात.

५. वाकडी काकडी, बारका टोमॅटो, पानाला एखादं भोक, हे चालवून घ्या. एकसारखा, चकचकीत माल मिळवण्यासाठी शेवटच्या दिवसांत जादा फवारणी होते. शहरातल्या ग्राहकाने दिसण्याचा हट्ट सोडला तर एखादी फवारणी वाचते. सडका, शिळा माल मात्र घेऊ नये आणि तसा आला तर स्पष्ट सांगावं.

आणखी एक. पैसे त्याच दिवशी द्या. आता क्यूआर कोड सगळीकडे आहे. 'महिन्याचे एकदम देऊ' म्हणणाऱ्यांचे पैसे मागायला शेतकऱ्याला पुन्हा चक्कर मारावी लागते.

गावाकडची तयारी

एकट्या शेतकऱ्याने सोसायटीला आठवडाभराची भाजी पुरवणं जवळजवळ अशक्य आहे. घराला सहा-आठ प्रकार लागतात. एकाच्या शेतात एका वेळी दोन किंवा तीन पिकं तोडायला असतात. म्हणून पाच ते सात शेतकऱ्यांचा गट लागतो.

गटाने बसून पेरणी वाटून घ्यायची. दोघांनी पालेभाज्या, दोघांनी फळभाज्या, एकाने कांदा-लसूण-बटाटा, एकाने फळं. पालेभाजी एकदम पेरायची नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी एक वाफा, म्हणजे दर आठवड्याला कोवळी भाजी मिळत राहते.

गाडीवर जाणारा माणूस बोलका हवा आणि हिशेबाला पक्का हवा. त्याची मजुरी आधी ठरवा. 'आपलाच माणूस आहे' म्हणून फुकट राबवलं तर तो दोन महिन्यांत कंटाळतो आणि गट तिथेच फुटतो. हिशेबाची वही सगळ्यांना दिसली पाहिजे. कुणाचा किती माल गेला, किती परत आला, किती पैसे आले, हे त्याच रात्री ग्रुपवर टाका.

सोसायटीच्या भरवशावर सगळं रान लावू नका. सुरुवातीला चौथा हिस्सा थेट विकायचा, बाकी नेहमीप्रमाणे यार्डात. यार्ड कितीही बोल लावला तरी उरलेला माल एका दिवसात उचलणारी ती एकच जागा आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा गुलटेकडीला एका रात्रीत जेवढा माल उतरतो, तेवढा सोसायट्यांच्या गेटवर कधीच विकला जाणार नाही. थेट विक्री ही यार्डाच्या जोडीला आहे.

गट चांगला चालला आणि उलाढाल वाढली तर शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार करता येतो. त्यासाठी किमान दहा शेतकरी लागतात. पण कंपनी आधी आणि ग्राहक नंतर, असा उलटा क्रम नको. आधी तीस घरांचा विश्वास बसू द्या.

'सेंद्रिय' म्हणायचं की नाही?

सोसायटीत पहिला प्रश्न हाच येतो, "ऑरगॅनिक आहे का?" इथे खोटं बोलायची पाळी येऊ देऊ नका. एकदा खोटं उघडं पडलं की त्या भागात दुसऱ्या खऱ्या शेतकऱ्यालाही कुणी उभं करत नाही.

खरोखर सेंद्रिय करणाऱ्यांसाठी 'पीजीएस-इंडिया' ही केंद्र सरकारची पद्धत आहे. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. गटातले शेतकरी एकमेकांच्या शेताची पाहणी करतात, नोंदी ठेवतात आणि त्यावरून प्रमाणपत्र मिळतं. निर्यातीसाठीच्या खासगी प्रमाणपत्रासारखा मोठा खर्च यात येत नाही. जमीन रसायनातून बाहेर पडत असताना 'पीजीएस ग्रीन' आणि पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' असे दोन टप्पे आहेत. माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा 'आत्मा'च्या कर्मचाऱ्यांकडे मिळते. प्रमाणपत्र नसताना पिशवीवर त्याचं चिन्ह छापायचं नाही.

जे अजून फवारणी करतात, त्यांनीही लाजायचं कारण नाही. आपण काय वापरतो ते सांगावं. कीडनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. फवारल्यावर किती दिवसांनी माल तोडायचा, हेही लेबलवर किंवा आतल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तेवढे दिवस थांबूनच तोडणी केली आणि 'शेवटची फवारणी अमुक तारखेला' असं ग्रुपवर लिहिलं, तर ग्राहकाला ते पटतं. लाल-पिवळ्या त्रिकोणाची औषधं भाजीवर बंद केली, हीसुद्धा चांगली सुरुवात आहे.

शहरातल्या माणसांनी वर्षातून एकदा तरी रानात यावं. हुरड्याला या, भातलावणीला या, पण येताना विहिरीचं पाणी किती खाली गेलंय, मजुरी किती झालीय तेही बघा. एकदा बांधावर उभं राहिलेला माणूस जुडीमागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालत नाही.

सुरुवात धान्यापासून केली तर?

भाजी नाशवंत असते, त्यामुळे तिथे चूक लगेच महाग पडते. ज्यांना पहिल्यांदाच थेट विक्री करायची आहे, त्यांनी धान्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवायची पद्धत आहे. शहरात जागा कमी म्हणून ती मोडत चालली आहे, पण तीन-तीन महिन्यांचं धान्य घेणारी घरं मिळू शकतात.

मावळचा इंद्रायणी, मुळशी-भोरचा आंबेमोहोर, शिरूर-बारामती-इंदापूरकडची ज्वारी, जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली नाचणी आणि वरई, हे सगळं आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, त्यानंतर नाचणी-ज्वारीची शहरातली विचारपूस वाढली. नाचणी डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येते, फार खत मागत नाही. ती शहरात खाल्ली गेली तरच ती गावात पेरली जाईल.

देशी वाणांचंही तसंच आहे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भाजीपाला, भात यांचं देशी बियाणं जपलं आणि त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. बियाणं बँकेत जपता येतं, पण ते पिकवून खाणारी माणसं असली तरच दरवर्षी रानात उतरतं. आपल्या भागातला घेवडा, काटेरी वांगं, गावठी लसूण शहरातल्या घरांनी नाव घेऊन मागितला, तर शेतकऱ्याला तो लावायचं कारण मिळतं.

भाजीची देठं परत मातीत

शहरातल्या स्वयंपाकघरातून देठं, साली, पाला रोज कचऱ्यात जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ओला-सुका कचरा वेगळा ठेवणं बंधनकारक आहे आणि मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा आहे. बऱ्याच सोसायट्यांत खत तयार होतं, पण कुंड्यांना लागेल त्यापेक्षा ते जास्त होतं.

भाजीची गाडी गावाकडे रिकामीच परतते. तिच्यात हे तयार खत आणता येईल. अट एकच. खत पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं हवं. त्यात प्लास्टिक, काच, दुधाच्या पिशव्यांचे तुकडे असतील तर ते रानात घ्यायचं नाही. पहिली खेप बांधावर पसरून बघा, चांगली असेल तरच पुढची घ्या.

ग्रुपवर टाकायचा मेसेज

खालचा नमुना आपल्या गटाप्रमाणे बदलून वापरता येईल.

"नमस्कार. येत्या बुधवारी सकाळी ७ ते ९ गेटजवळ भाजी येईल. मेथी जुडी १५ रुपये, पालक जुडी १२ रुपये, वांगी किलो ४० रुपये, गवार पाव किलो २० रुपये, नवा कांदा किलो ३० रुपये. काय आणि किती हवं ते सोमवारी संध्याकाळी ७ पर्यंत फ्लॅट नंबरसह कळवा. नको असेल तर 'नको' लिहा. मागणीएवढाच माल तोडला जाईल. मेथी-पालकावर फवारणी नाही. वांग्यावर शेवटची फवारणी बारा दिवसांपूर्वी. पैसे त्याच दिवशी, रोख किंवा ऑनलाइन. भाजी खराब निघाली तर फोटो टाका, पुढच्या वेळी बदलून मिळेल."

भाव आणि भाज्या अर्थातच आपापल्या. पण वेळ, शेवटची मुदत, फवारणीची तारीख आणि बदलून देण्याचा शब्द या चार गोष्टी मेसेजमध्ये असायलाच हव्यात. आणि त्या पाळायला हव्यात. सात म्हणजे सात. गाडी साडेआठला पोचली तर नोकरीवाली घरं निघून गेलेली असतात.

आणि आपल्या तालुक्याच्या गावात?

शहर म्हटलं की पुणे-मुंबईच डोळ्यांसमोर येतं. पण सासवड, मंचर, राजगुरुनगर, चाकण, तळेगाव, भोर, शिरूर इथेही आता मोठमोठ्या इमारती आहेत आणि तिथली घरंही भाजी विकतच घेतात. अनेकदा आपल्याच तालुक्यातला माल रात्री पुण्याच्या यार्डात जातो आणि सकाळी तिथूनच परत तालुक्याच्या गावात विकायला येतो. दोन्ही वेळचं भाडं त्या भाजीवर चढतं आणि ती एक दिवस शिळीही होते.

टेम्पोचा खर्च हाच वरच्या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा होता. साठ किलोमीटरऐवजी आठ किलोमीटर जायचं असेल तर दुचाकीला क्रेट बांधूनही काम भागतं आणि पंधरा घरांवरही गाडं चालतं. शाळेचे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातला स्टाफ, एमआयडीसीतली कुटुंबं अशा पंधरा घरांची यादी कुठल्याही गटाला आठवड्याभरात करता येईल.

सध्या एवढंच करा

शेतकरी असाल तर गावातल्या आणखी चार जणांना घेऊन बसा आणि पुढच्या तीन महिन्यांत कुणाकडे काय निघणार आहे ते एका कागदावर लिहा. शहरात नातेवाईक असतील तर त्यांना भाजीची पिशवी भेट पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा, "तुमच्या मजल्यावरची किती घरं तीन महिने दर आठवड्याला घेतील?" उत्तर 'बघू' आलं तर थांबा. दहा घरांची नावं आली, तर वाफा पेरायला हरकत नाही.